हल्याळच्या रानातला निरोप

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात मी बेळगावहून हल्याळला गेले, ते खरं म्हणजे माझीच एक चूक बघायला. चूक माझ्या स्वतःच्या आवाजात होती आणि चाळीस सेकंदांची होती.

झालं असं, की माझी एक जुनी विद्यार्थिनी हल्याळ तालुक्यातल्या एका आरोग्य उपकेंद्रात काम करते. पी.यू.सी.ला ती माझ्याकडे मराठी शिकली, पुढे नर्सिंग केलं. दिवाळीच्या सुमारास तिचा फोन आला. तिच्या हद्दीत सिद्दींच्या वाड्या आहेत. तिथल्या तीस वर्षांवरच्या बायांची गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी तपासणी करायची होती. पत्रकं वाटली तर वाचणारं कुणी नाही, कन्नड एस.एम.एस. पाठवले तर ते कुणी उघडत नाही. म्हणून आवाजाचा निरोप मोबाईलवर पाठवायचं ठरलं होतं. "घरात त्यांची बोली कोकणी-मराठी मिसळलेली असते मॅडम. तुम्हीच चांगल्या मराठीत लिहून, वाचून पाठवा की."

चांगल्या मराठीत म्हटल्यावर मला कोण आनंद! मी मजकूर लिहिला, चारदा खोडला, घसा साफ करून रेकॉर्ड केला. 'भगिनींनो, गर्भाशयमुखाचा कर्करोग वेळीच ओळखता येतो' अशी त्याची सुरुवात होती. तो मला आवडलाही होता, हे कबूल करते. निरोप गेला. तपासणीच्या दिवशी बोटांवर मोजण्याइतक्या बाया आल्या, आणि त्यातल्या दोघी गुडघे दुखतात म्हणून आल्या होत्या. असं का झालं, हे मी फोनवर खोदून विचारलं तेव्हा ती थोडी घुटमळली आणि म्हणाली, "एकदा येऊनच बघा की मॅडम."

सकाळच्या लाल बसमध्ये जागा मिळाली. कंडक्टरने आधार कार्ड बघून शून्य रुपयांचं तिकीट हातात दिलं. २०२३ च्या जूनपासून कर्नाटकात बायकांना साध्या बसचा प्रवास फुकट झाला, त्याची आता इतकी सवय झाली आहे की तिकिटाकडे कुणी बघतही नाही. माझ्या मनात मात्र ते तिकीट राहिलं. पैसे नाहीत म्हणून बाई दवाखान्यात येत नाही, हे कारण निदान बसभाड्यापुरतं तरी संपलं आहे. तरी ती येत नाही, म्हणजे अडसर दुसरीकडे कुठेतरी आहे.

खानापूर सोडलं की हवा बदलते. माती तांबडी होत जाते, भाताची कापलेली खाचरं आणि त्यांच्या मागे रानाची काळपट रेघ दिसू लागते. नंदगडला रस्ताभर पताका लागल्या होत्या. संगोळ्ळी रायण्णाला इंग्रजांनी २६ जानेवारी १८३१ रोजी इथेच वडाला फाशी दिलं. प्रजासत्ताक दिन आणि रायण्णाचा स्मृतिदिन इथे एकाच दिवशी येतात, त्यामुळे गर्दी दुप्पट. एक नवविवाहित जोडपं समाधीकडे नवस फेडायला उतरलं. पुढे साग, ऐन, बांबू सुरू झाले आणि अधूनमधून उसाचे ट्रॅक्टर आडवे येऊ लागले. हल्याळमध्ये साखर कारखाना आहे, हंगामात रस्ता त्यांचाच असतो.

हल्याळच्या स्टँडवर विद्यार्थिनी स्कूटर घेऊन उभी होती. तिला आता सगळे 'सिस्टर' म्हणतात, म्हणून मीही इथे तेच म्हणते.

सिद्दी लोक आपल्या भागाला नवे नाहीत, तरी आपल्यातल्या कितीजणांना त्यांच्याविषयी माहिती असते? पूर्व आफ्रिकेतून पोर्तुगीजांनी माणसं गुलाम म्हणून गोव्यात आणली. त्यातली अनेक घाट चढून या रानात पळून आली आणि इथलीच झाली. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या तालुक्यांत त्यांच्या वस्त्या आहेत. कुणी हिंदू, कुणी मुसलमान, कुणी ख्रिश्चन. बऱ्याच पिढ्या जमीनदारांच्या शेतात राबण्यात गेल्या. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला तो २००३ मध्ये. आपल्या बेळगाव आणि धारवाड जिल्ह्यांतल्या सिद्दींना त्यासाठी २०२० उजाडलं. रस्त्याच्या या बाजूचा सिद्दी आदिवासी आणि त्या बाजूचा नाही, अशी मधली सतरा वर्षं गेली.

वाडीवर पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. एका ओसरीवर पाचसहा बाया कवंद शिवत बसल्या होत्या. कवंद म्हणजे सिद्दींची गोधडी. जुन्या साड्या, शर्ट, परकर यांचे तुकडे एकावर एक लावून बाहेरच्या कडेने आत आत शिवत यायचं. शेवटी चारी कोपऱ्यांवर त्रिकोणी घड्या घातलेले तुकडे बसवायचे, त्यांना 'फुला' म्हणतात. फुला नसतील तर कवंद उघडं दिसतं. मी टाका बघत बसले होते, तेवढ्यात सिस्टरने माझी ओळख करून दिली, "फोनवर बोलल्या होत्या ना, त्या ह्या."

क्षणभर सगळ्या माझ्याकडे बघत राहिल्या, आणि मग अशा हसल्या की एकीच्या हातातली सुई खाली पडली.

हळूहळू उलगडा झाला. पहिली गोष्ट, माझा निरोप त्यांच्यापर्यंत आलाच नव्हता. उपकेंद्राच्या यादीत बाईच्या नावापुढे जो नंबर होता, तो बहुतेक ठिकाणी नवऱ्याचा किंवा थोरल्या मुलाचा होता. नवरे गोव्यात बांधकामावर. तेव्हा माझा 'भगिनींनो' मडगाव आणि वास्कोच्या बाजूला कुठेतरी, सिमेंट कालवणाऱ्या बाप्यांच्या खिशात वाजला. एकाने तो साइटवर सगळ्यांना मोठ्याने ऐकवला. दुसऱ्याने रात्री घरी फोन करून बायकोला विचारलं, "तुला काय झालंय? दवाखान्याची बाई मला का फोन करते?" ती बिचारी आठवडाभर खुलासे देत होती.

दुसरी गोष्ट त्याहून मला लागली. ज्या दोघीतिघींनी निरोप प्रत्यक्ष ऐकला, त्यांना 'गर्भाशयमुख' मधलं फक्त 'मुख' समजलं. मुख म्हणजे तोंड. तोंडाचा कॅन्सर म्हणजे गुटख्याचा, तो तर बसस्टँडवरच्या पाटीवरही असतो. "आमी गुटखा खाईत नाय, मग कशाला येऊ?" असं एकीने अगदी सरळ विचारलं. 'कर्करोग' हा शब्द त्यांच्यातल्या कुणीच कधी ऐकला नव्हता. कॅन्सर मात्र सगळ्यांना ठाऊक होता.

वीस वर्षं मी मुलांना सांगत आले आहे की भाषा म्हणजे पोचणं. त्या ओसरीवर मी मान खाली घालून कवंदाचे टाके मोजले.

"मग तुम्ही त्याला काय म्हणता?" मी विचारलं. उत्तर सोपं होतं. पिशवी. पिशवीचं तोंड. आपल्या खेड्यापाड्यांतही पिशवीच म्हणतात की. कन्नडमध्येही 'गर्भचीला', म्हणजे तीही पिशवीच. अंगावरून पांढरं जाणं याला कन्नडमध्ये 'बिळी सेरगु' म्हणतात, पांढरा पदर. दोन्ही भाषांतल्या बायकांनी आपल्या शरीराला सांभाळून, झाकून नावं ठेवली आहेत, आणि ती नावं एकमेकींना समजतात. समजत नाही ते आम्हा शिकलेल्यांचं.

पण पिशवी हा शब्द आला की त्याच्यासोबत एक भीतीही येते. एक थोराड बाई, जिला तिथे सगळ्या 'आज्जी' म्हणत होत्या, ती म्हणाली, "तपासायला जायचं आणि पिशवी काढून यायचं, तसं ना?" ही भीती हवेतली नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या पिशव्या किती सहज काढल्या गेल्या, ते २०१९ मध्ये सगळ्या देशाने वाचलं. ऊसतोडीच्या टोळ्या हल्याळकडेही येतात, आणि अशा बातम्या त्यांच्या पायांनी फिरतात, त्यांना मोबाईल लागत नाही.

मग सिस्टरने तिथेच बसून सांगितलं, आणि मी पहिल्यांदा नीट ऐकलं. हा आजार बहुतेक वेळा एका विषाणूमुळे होतो, एच.पी.व्ही. त्याचं नाव. तो शरीरसंबंधातून येतो आणि इतका सर्वसाधारण आहे की लागण होण्यात कुणाचं चारित्र्य बघायचं कारण नाही. बहुतेकींच्या अंगातून तो आपोआप जातो. काहींच्यात टिकून राहतो, आणि त्याचा कॅन्सर व्हायला साधारणपणे दहापंधरा वर्षं किंवा जास्तही लागतात. म्हणजे ही वैऱ्याची रात्र फार लांबलचक असते, मधे कधीही दिवा लावून बघता येतं. तपासणी म्हणाल तर व्हिनेगरमध्ये असतं तसलं पातळ आम्ल पिशवीच्या तोंडाला लावायचं आणि एक मिनिट थांबायचं. बिघडलेली जागा पांढरी दिसते. सुई नाही, चिरा नाही. पांढरी दिसलेली जागा तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या दवाखान्यात पुन्हा पाहून, गरज असली तर गरम उपकरणाने काही सेकंदांत जाळून टाकतात. पिशवी जागच्या जागी राहते.

हे ज्ञान आपल्या शेजारच्याच मातीत तयार झालं आहे, हे मला ठाऊक नव्हतं. बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलच्या मदतीने धाराशिव (तेव्हाच्या उस्मानाबाद) जिल्ह्यातल्या खेड्यांत १९९९ पासून एक मोठा अभ्यास झाला. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक बाया त्यात होत्या. त्याचा निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. आयुष्यात एकदा एच.पी.व्ही.ची तपासणी केलेल्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले होते. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा रुग्णालयाने आम्ल लावून बघण्याच्या साध्या पद्धतीचा असाच अभ्यास केला, तिथे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले, आणि तपासणाऱ्या बाया डॉक्टर नव्हत्या, थोडं प्रशिक्षण घेतलेल्या साध्या आरोग्य सेविका होत्या. एवढं असूनही आपल्या देशात २०२२ मध्ये सुमारे १ लाख २७ हजार बायांना हा कॅन्सर झाला आणि जवळपास ८० हजार गेल्या. सरकारच्या २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या शंभर बायांत ही तपासणी कधी काळी करून घेतलेल्या जेमतेम दोन निघाल्या.

एवढं सगळं सिस्टर बोलली. बाया ऐकत होत्या, हात चालू होते. मग आज्जीने मान वर केली आणि मला विचारलं, "बाय, तुमी केलंय?"

मी सेहेचाळीस वर्षांची आहे. बेळगावात माझ्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांच्या आत चार दवाखाने आहेत. मी चाळीस सेकंद आख्ख्या तालुक्याला उपदेश केला होता. आणि मी तपासणी केलेली नव्हती. वेळ मिळाला नाही, काही त्रासच नाही, सुट्टीत बघू. खरं कारण एवढंच, की ते टेबल, ते पाय फाकून पडणं नको वाटतं. हे मी त्यांना सांगितलं. वाटलं होतं त्या हसतील. कुणी हसलं नाही. एक तरुण मुलगी हळूच म्हणाली, "आमाला पण तेच."

दुपारी उपकेंद्रात पहिली मी गेले.

दारातच एक वेताची टोपली ठेवलेली होती. आत जाणारीने आपला फोन त्यात टाकायचा, सिस्टरने स्वतःचाही टाकला. ही तिची स्वतःची युक्ती. मागे तिला कुणीतरी दाखवलं होतं की हल्ली मोबाईलसारख्या उपकरणाने पिशवीच्या तोंडाचा फोटो घेऊन दूरच्या डॉक्टरला दाखवता येतो. पुण्यातल्या एका कंपनीनेही तसं यंत्र काढलं आहे. गोष्ट उपयोगाची आहे, यात शंका नाही. पण वाडीवर 'आत फोटो काढतात' एवढीच बातमी पोचली आणि महिनाभर कुणी फिरकलं नाही. तेव्हापासून टोपली. फोन बाहेर राहिलेले सगळ्यांना दिसले पाहिजेत. त्या दिवशी टोपलीत सहा फोन होते, मधूनच एखादा वाजायचा आणि सगळ्या दचकून हसायच्या.

तपासणीचं काय सांगू? अवघडल्यासारखं होतं, दुखत नाही. पाच मिनिटंही लागली नाहीत. बाहेर आले तेव्हा आज्जीने मला आपादमस्तक बघून घेतलं, जणू मी आतून काही ठेवून तर आले नाही ना. मग पदर खोचून आत गेली ती.

चहाच्या वेळी सिस्टरने आपल्या फोनवर एका माओरी बाईची चित्रफीत दाखवली. न्यूझीलंडच्या मूळ रहिवासी बायांमध्येही हा आजार तिथल्या इतर बायांपेक्षा जास्त आणि तपासणी कमी, अशीच रड आहे. रोटोरुआची तालेई मॉरिसन ही त्यांच्या पारंपरिक नृत्याच्या मेळ्यातली नावाजलेली कलावंत. तिला हा कॅन्सर झाला, तेव्हा तिने फोनवरून, समाजमाध्यमांतून आपल्या लोकांशी आपल्या शब्दांत बोलायला सुरुवात केली. मोहिमेला नाव दिलं 'स्मिअर युअर मेआ'. माओरीत 'मेआ' म्हणजे 'ती वस्तू'. नाव घ्यायची लाज वाटते तेव्हा आपणही 'ते' म्हणतोच की! २०१८ च्या जूनमध्ये ती गेली, तिची मोहीम मात्र नाचणाऱ्या मेळ्यांतून पुढे चालू राहिली. त्या देशात २०२३ च्या सप्टेंबरपासून बाई स्वतःच, दाराआड, कापसाच्या काडीने नमुना घेऊन देऊ शकते. ते ऐकून बाया एकदम बोलू लागल्या. ते इथे कधी येणार? सिस्टरच्या उपकेंद्रात अजून ती सोय नाही. मला विचाराल तर आपल्याकडे पहिली यायला हवी ती हीच गोष्ट, कारण टेबलाची भीती कुठल्याच निरोपाने पुरती जात नाही.

संध्याकाळी नव्या निरोपाची तयारी झाली. वाडीत नेटवर्क मिळतं ते तळ्याच्या बांधावरच्या आंब्याखाली. तिथे आम्ही सगळ्या गेलो. मी कागद-पेन काढलं, ते सिस्टरने नजरेनेच ठेवायला लावलं. आज्जी बोलली. तिने आधी आपण कुणाच्या कोण ते सांगितलं, मग म्हणाली की मी आज सिस्टरकडे जाऊन पिशवीचं तोंड दाखवून आले, पिशवी आहे तशी आहे, फोन बाहेर टोपलीत होता, बेळगावची बाई पण आली होती आणि तीही आधी घाबरली होती. गुरुवारी या, जेवून या. मधेच एक कुत्रं भुंकलं, ते तसंच ठेवलं. 'कॅन्सर' हा शब्द तिने शेवटी एकदाच उच्चारला.

हा निरोप यादीतल्या नंबरांवर पाठवायचाच नाही, असं ठरलं. बायांच्या बचत गटाच्या बाईकडे स्वतःचा फोन आहे. तिने कवंद शिवायला बसल्यावर तो मोठ्याने लावायचा. तपासणीचा निकाल कुणालाही फोनवर सांगायचा नाही. सिस्टरने बचत गटाच्या बाईला लागोपाठ दोन मिस्ड कॉल द्यायचे, त्याचा अर्थ फक्त त्या दोघींना आणि जिचं काम आहे तिला माहीत. या सगळ्याला तंत्रज्ञान म्हणायचं की नाही, मला सांगता येणार नाही. मिस्ड कॉलला खर्च नाही आणि तो नवऱ्याला वाचता येत नाही, एवढं खरं.

त्या दिवशीच्या बायांपैकी एकीची जागा पांढरी दिसली होती. वय छत्तीस, तीन मुलं, यादीत नंबर गोव्यातल्या नवऱ्याचा. पुढच्या तपासणीला मोठ्या दवाखान्यात जायला हवं म्हटल्यावर ती म्हणाली, शिमग्यानंतर बघू. सिस्टरने वाद घातला नाही. मला परतीच्या बसमध्ये तो चेहरा सारखा दिसत होता. दहा वर्षं सवड असते हे मी आत्ताच ऐकलं होतं, पण तिची किती वर्षं आधीच गेली होती, हे कोण सांगणार?

फेब्रुवारीत मी दोनदा फोन केला. पहिल्यांदा सिस्टर म्हणाली, मिस्ड कॉल दिले, ती आली नाही. दुसऱ्यांदा दिले तेव्हाही नाही. तिसऱ्या वेळी आज्जी तिच्या घरी जाऊन ओट्यावर बसून राहिली, उठेचना. शेवटी दोघी मिळून पहाटेच्या बसने गेल्या, शून्य रुपयांच्या तिकिटावर. डॉक्टरांनी दुर्बिणीतून बघितलं, तुकडा तपासायला घेतला. कॅन्सर नव्हता, त्याच्या आधीची पायरी होती. ती जागा जाळून टाकली आणि वर्षाने पुन्हा यायला सांगितलं. आज्जी बाहेर बाकावर बसून तिच्या धाकट्याला सांभाळत होती.

माझा अहवाल चांगला आला. स्टाफरूममध्ये मी तो विषय काढला तेव्हा दोघी जणी एकदम पेपर तपासायला लागल्या. तिसरी मात्र दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात गाठून विचारत होती, "दुखतं का गं?"

परवा सिस्टरचा पुन्हा फोन आला. आता तिला गवळी धनगरांच्या वाड्यांवर जायचं आहे. ते रानात म्हशी राखून असतात, त्यांची मराठी आणखी वेगळी. मी म्हटलं, मग मजकूर कधीपर्यंत हवा?

"मॅडम," ती म्हणाली, "यावेळी लिहू नका. नुसत्या या."